अर्धा मीटर गुणिले अर्धा मीटर

आज द्वितीया.
दोनाची पाऊणपट दीड,
म्हणजे भरती दीडला, सुकती सकाळी साडेसातला.
हे गणित कुठल्याच सेमिस्टरला नाही.
बाबा ते बोटांवर करतात, विडी न विझवता.
नाबर मॅडमनी मोबाइलवर तक्ता उघडला:
सात एकोणतीस.
मी काही बोलले नाही.

मांडवीच्या खडपावर आम्ही अकराजण,
टी.वाय. प्राणिशास्त्र, चपला हातात.
चौकट प्लंबिंगच्या पाइपची, चार एल्बो,
ती पाठमोरं उभं राहून फेकायची,
कारण निवड आंधळी हवी.
माझी पडली सपाट कातळावर.
गोगलगायी सतरा.
खेकडा एक, पळाला; धरावा की न धरावा यावर वाद.
कालवं एकेचाळीस.
अभ्यासक्रमात त्यांना क्रॅसोस्ट्रिया म्हणतात.
मॅडम म्हणाल्या, ते नाव आता बदललंय,
पण पेपरात जुनंच लिहा.

पंधरवड्याने पुन्हा तिथेच.
लाल ऑइलपेंटची फुली शाबूत,
कालवं शून्य.
कातळाला चिकटलेल्या फक्त खालच्या शिंपा, पांढऱ्या,
दार काढून नेल्यावर उंबरा राहावा तशा.
रूपेशने लिहिलं प्रदूषण. साक्षीने लिहिलं तापमानवाढ,
बाहेरच्या परीक्षकांना ते आवडतं.
मला माहीत होतं.
खडपाच्या टोकाला पाठ वाकवून,
लोखंडी टोचा, ॲल्युमिनियमचा डबा,
ठक, ठक, आणि मध्येच कंबर सरळ करण्याएवढा थांबा.

जर्नलात ‘मुख्य भक्षक’ या रकान्यात
मी इंग्रजी अक्षरांत लिहिलं:
शेवंतीमावशी.
मॅडमचं लाल पेन त्यावर जरा वेळ थांबलं.
मग विचारलं, दिवसाला किती काढते?
मला सांगता येईना.
मग विचार तिला. आकडा आण.

आकडा!
मावशी डोळे बारीक करून हसली.
“कालवां वाट्यान इकतत गो, मोजूक कोण बसता?”
आणि डब्याचं झाकण लावता लावता,
“विचारलंस म्हणान सांगतंय,
तुझ्या फॉर्माचे पैशे खंयसून इले?”

त्या रात्री मी अन्नजाळं पुन्हा काढलं.
शेवाळाकडून बाण कालवांकडे,
कालवांकडून मावशीकडे,
तिथून बाजारात, बाजारातून परीक्षेच्या फॉर्मात,
उशिराचे जादा शंभर धरून,
आणि शेवटचा, पानाच्या समासाबाहेर जाणारा,
मुंबईला, कलिन्याला,
जिथे मी अजून गेलेले नाही,
जिथे कुणीतरी माझी उत्तरपत्रिका पडद्यावर बघतं,
एका बैठकीत कितवी कोण जाणे.
मागच्या सेमिस्टरचा माझा निकाल अजून राखीव आहे.
फोन केला तर एक बाई म्हणतात,
सीट नंबर सांगा.
सांगितला की म्हणतात, थांबा.
मग गाणं लागतं.

मार्गशीर्षात पुन्हा खडपावर गेले.
आजूबाजूला सगळं टोचून नेलेलं,
फुलीच्या चौकोनात मात्र
नवी कालवं, नखाएवढी, आणि तीन चांगली मोठी.
नेम धरून वगळल्यासारखी.
मावशी लांबूनच ओरडली,
“तुझी फुली बघलंय मी!
थंय मी हात लावचंय नाय!”

झालं. माझा डेटा गेला.
तीन महिन्यांची आंधळी निवड
एका डोळस बाईने मोडली.
मॅडमना सांगितलं, रडवेली होऊनच.
त्या हसल्या नाहीत.
म्हणाल्या, अगं, याला कंट्रोल म्हणतात.
बाहेर पण एक फुली मार, आणि मोजत राहा.

उद्या तृतीया.
तिनाची पाऊणपट सव्वादोन.
सकाळी सव्वाआठला उत्क्रांतीचं लेक्चर आहे.
कुणीतरी माझी हजेरी लावा.